अन्वस्त: हेडलाइटपासून खोडदपर्यंत
एक स्थिर बिंदू आणि एक स्थिर रेषा यांपासून समान अंतरावर असलेल्या बिंदूंचा वक्र म्हणजे अन्वस्त, अर्थात पॅराबोला. तो बिंदू म्हणजे नाभी. आरसा या आकाराचा असेल, तर नाभीतून निघालेले किरण परावर्तित होऊन अक्षाला समांतर बाहेर पडतात.

हॅलोजन हेडलाइट यावरच चालतो. एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात. ‘अप्पर’ची नाभीशी, म्हणून झोत लांब जातो, ‘डिपर’ची थोडी पुढे आणि खालून झाकलेली, म्हणून उजेड रस्त्याकडे झुकतो. नव्या एलईडी दिव्यांत मात्र शुद्ध अन्वस्त शोधू नका.

पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या ट्रकांखाली याहून सुंदर उदाहरण सापडते: पॅराबोलिक पाटे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या लीफ स्प्रिंग. पाट्याला वाकवणारा जोर टोकापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, तर त्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. ताण सगळीकडे सारखा हवा, तर जाडीचा वर्ग अंतराच्या प्रमाणात ठेवावा लागतो. हेच अन्वस्ताचे समीकरण. टोकापासून मध्यापर्यंतच्या पाव अंतरावर मधल्या जाडीच्या निम्मी जाडी पुरते. पोलाद वाचते, वजन घटते.

चाकणहून नाशिक रस्त्याने नारायणगाव गाठले, की जवळच खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. तिच्या ३० अन्वस्ताकार डिश, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. पत्र्याऐवजी तारेची जाळी चालते, कारण इथे टिपल्या जाणाऱ्या रेडिओलहरींची लांबी जाळीच्या छिद्रांच्या कितीतरी पट असते. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरते. मुलांना जरूर न्या.