कियारी: शस्त्रक्रिया कोणाची, कधी, किती

प्रागमध्ये शवविच्छेदन करणारे हान्स कियारी यांनी १८९१ साली एका सतरा वर्षांच्या मुलीची नोंद प्रसिद्ध केली. ती टायफॉइडने गेली होती. तिच्या डोक्यात पाणी साठले होते आणि लहान मेंदूच्या तळाचे दोन भाग, म्हणजे टॉन्सिल, कवटीच्या भोकातून मानेत उतरले होते. त्या उतरण्याचा तिला जिवंतपणी त्रास झाल्याचे मात्र दिसत नव्हते.

आज एमआरआयमध्ये टॉन्सिल ५ मिलिमीटरहून खाली दिसले की अहवालात ‘कियारी’ छापून येते आणि घरच्यांची झोप उडते. त्यातल्या कित्येकांना शस्त्रक्रियेची गरज नसते. निर्णय मिलिमीटरवर नव्हे, रुग्णाच्या त्रासावर आणि वयावर व्हायला हवा, असे मी आग्रहाने म्हणेन.

मोठ्या माणसाचे दुखणे ओळखू येण्यासारखे असते. खोकले, शिंकले, जोर केला की डोक्याच्या मागच्या भागात जबर कळ येते आणि थोड्या वेळात ओसरते. दुसरी तऱ्हा अधिक फसवी. तव्यावरची भाकरी उलटताना बोट भाजते, फोड येतो, पण चटका जाणवलेलाच नसतो. त्याच बोटाला कापसाचा स्पर्श नीट कळतो. मज्जारज्जूच्या मधोमध पाण्याची पोकळी तयार होते आणि वेदना व उष्णता नेणारे, तिथेच बाजू ओलांडणारे तंतू आधी दबतात. ही पोकळी का होते? अमेरिकेतले एडवर्ड ओल्डफील्ड व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये दाखवले की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला टॉन्सिल दट्ट्यासारखे खाली सरकतात आणि मानेत मज्जारज्जूभोवती असलेले पाणी मज्जारज्जूत रेटतात.

म्हणून शस्त्रक्रियेचा हेतू एकच: पाण्याला वाट करून देणे. रुग्णाला पालथे झोपवून मानेवर मधोमध छेद घेतात, कवटीच्या भोकामागचे थोडे हाड आणि पहिल्या मणक्याची मागची कमान काढतात. बहुतेकदा मेंदूचे जाड आवरण, ड्युरा, उघडून त्याला ठिगळ जोडतात; हे ठिगळ रुग्णाच्याच कवटीवरच्या पडद्याचे घेता येते. पोकळी मोठी असेल तर ठिगळाचा फायदा अधिक, पण पाणी झिरपण्याचा धोकाही त्यातच. खोकल्याची डोकेदुखी सहसा चांगली हटते. बोटांची गेलेली जाणीव बरेचदा परतत नाही, आणि हे रुग्णाला आधीच सांगायला हवे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. अतुल गोयल यांनी २०१५ मध्ये ६५ रुग्णांच्या अनुभवावरून वेगळाच सिद्धांत मांडला. मूळ दोष पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या सांध्याच्या अस्थिरतेत आहे, तेव्हा ते मणके स्क्रूने जखडा, हाड काढू नका. सांधा उघडच हलत असेल तर जखडणे सर्वांनाच मान्य आहे. पण मान डावी-उजवीकडे वळते त्यातला जवळपास निम्मा भाग याच सांध्याचा. अस्थिरता दिसत नसताना प्रत्येकाचा सांधा जखडणे जगातल्या बहुतेक न्यूरोसर्जनांना पटलेले नाही, आणि मला त्यांची सावधगिरी रास्त वाटते. तरी प्रश्न मुळाशी जाऊन विचारल्याचे श्रेय गोयलांचेच.

शाळकरी वयात पहिली खूण कधीकधी पाठीत दिसते: कणा वाकू लागतो, तपासात पोकळी आणि कियारी सापडते. वाक थोडा असताना, कमी वयात शस्त्रक्रिया झाली तर तो थांबण्याची, क्वचित सुधारण्याचीही आशा असते. अगदी लहान मुलांत काढलेले हाड कधीकधी पुन्हा वाढून येते आणि दुसऱ्यांदा टेबलावर न्यावे लागते.

तान्ह्या बाळाला डोके दुखते हे सांगता येत नाही. त्याचे दूध नाकातून येते, रडणे क्षीण होते, श्वास आत घेताना कर्कश आवाज येतो, झोपेत श्वास अडतो. पाठीचा कणा उघडा राहून जन्मलेल्या बाळांत दुसऱ्या प्रकारची कियारी असते, आणि त्यांचा श्वास अडला तर मानेच्या शस्त्रक्रियेकडे वळण्याआधी शंट, म्हणजे डोक्यात तुंबलेले पाणी बाहेर काढण्यासाठी बसवलेली नळी, तपासायचा. तुंबलेले पाणीच लहान मेंदूला खाली रेटत असते. शंट दुरुस्त होताच कित्येक बाळांचा श्वास मोकळा होतो.

या बाळांसाठी सर्जन गर्भाशयापर्यंत पोहोचले आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत २६ आठवड्यांच्या आत गर्भातच पाठ शिवली. वर्षभराने अशा ३६ टक्के मुलांत लहान मेंदू खाली उतरलेला नव्हता. जन्मानंतर शिवलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. शंटची गरज ८२ वरून ४० टक्क्यांवर आली. त्याची किंमत आईने मोजली: अकाली प्रसूती आणि गर्भाशयावरचा कायमचा व्रण.

त्याहून आधीचा उपाय म्हणजे फॉलिक ॲसिड. ज्यांना आधी कणा उघडा राहिलेले मूल झाले होते अशा स्त्रियांत रोज ४ मिलिग्रॅमच्या गोळीने हा दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने दाखवले. गोळी गर्भ राहण्याआधी सुरू व्हावी लागते. आपल्याकडे ती पुष्कळदा पाळी चुकल्याचे कळल्यावर हातात पडते, आणि मज्जारज्जूची नळी मिटते ती गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत.