टाके दुखताना गाणं

पहाटे जात्यावर बसायचं आणि दळता दळता ओव्या म्हणायच्या, ही खान्देशातल्या बायांची जुनी रीत. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणीही अशीच, घरकाम-शेतकाम करता करता जमलेली. गाण्यानं कष्ट हलके होतात. ऑपरेशननंतरचं दुखणंही हलकं होतं का?

होतं. २०१५ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ७३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला; रुग्ण सुमारे सात हजार. गाणी ऐकणाऱ्यांना वेदना कमी जाणवल्या, धास्ती कमी झाली, वेदनाशामक औषधंही कमी लागली. नवल म्हणजे पूर्ण भुलीत असताना ऐकवलेल्या संगीताचाही उपयोग दिसला! दवाखान्यातला मुक्काम मात्र घटला नाही.

हे कसं होतं? जखमेतून निघतो तो फक्त संदेश. तो किती दुखायचा, हे बरंचसं मेंदू ठरवतो. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं, की मज्जारज्जूत या संदेशांच्या वाटेवर जणू एक फाटक असतं आणि मेंदू ते वरूनही ओढून घेऊ शकतो. भीती फाटक उघडं ठेवते. मन गाण्यात गुंतलं की ते थोडं लोटलं जातं.

अमुक दुखण्यावर अमुक राग, अशा याद्यांवर माझा विश्वास नाही. त्या आढाव्यातही संगीत कोणतं, यानं फारसा फरक पडला नव्हता. धुळ्याच्या आजीला कानबाईची अहिराणी गाणी हवीत? तीच लावा. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आवाज बेताचा ठेवा, नर्सची हाक ऐकू यायला हवी. आणि इअरफोन न्या. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची आवड वेगळी असू शकते.