माग घरात येऊ द्या, पण आपल्या मर्जीने

विणकाम म्हटले की आपल्या घरांत बहुधा लोकरीच्या सुया, स्वेटर आणि क्रोशाचे रुमाल डोळ्यांपुढे येतात. परंतु ताणा आणि बाणा घालून कापड विणणे ही निराळी कला आहे. तिचा आपल्या समाजाशी, आपल्या चळवळीशी आणि आपल्या धम्माशी जुना संबंध आहे. हीच कला आज आपल्या दोन खोल्यांच्या घरात, फारसा खर्च न करता, एक छंद म्हणून कशी जोपासता येईल याचा विचार या लेखात करू.

हा विषय आमच्या वस्तीतील महिला मंडळाच्या बैठकीत निघाला, तेव्हा एका वडीलधाऱ्या काकांनी स्पष्ट हरकत घेतली. ते म्हणाले, "बाबासाहेबांनी आपल्याला जातीचे धंदे सोडायला सांगितले. शिका म्हणाले. आणि तुम्ही पोरीबाळींच्या हातात पुन्हा माग देणार?" काकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून आधी त्याचे उत्तर शोधले पाहिजे.

ज्या खात्याचे दार बंद होते

विदर्भात, विशेषतः नागपूरच्या परिसरात, आपल्यातील अनेक घरे जाडेभरडे सुती कापड विणत असत. गावातला कष्टकरी तेच कापड अंगावर घेई. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे गिरण्यांचे स्वस्त कापड बाजारात आले. घरचा माग हळूहळू थांबला. विणकराची मुले गिरणीत मजूर झाली.

मुंबईच्या गिरण्यांत तर आपल्याशी उघड अन्याय झाला. आपल्या माणसांना थ्रॉसलमध्ये, म्हणजे सूतकताईत, काम मिळे. विणाई खात्यात, जिथे मजुरी जास्त होती तिथे, त्यांना घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, ही सवर्ण कामगारांची हरकत. एकाच मालकाकडून पिळले जाणारे कामगार, पण धाग्याला विटाळ! 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. विणाई खाते अस्पृश्य कामगारांना खुले झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. विणकाम हे हलके काम आहे, असे बाबासाहेबांनी म्हटले नाही. उलट त्या कामाचे बंद दार उघडण्यासाठी ते झगडले. 1936 साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात त्यांचा आक्षेप आहे तो माणसाची आवड आणि कुवत न पाहता जन्मावरून त्याच्यावर धंदा लादण्याला. लादलेले काम आणि निवडलेले काम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपली मुलगी कॉलेजात शिकत असेल आणि रविवारी दुपारी आवडीने चार ओळी विणत असेल, तर ती जातीचा धंदा करीत नाही. ती आपल्या हाताचे सामर्थ्य ओळखते आहे. मात्र माग आला म्हणून तिचे पुस्तक बाजूला पडत असेल, तर काकांचेच म्हणणे खरे ठरेल. पहिला मान पुस्तकाचा, हे प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे.

धम्मातील धागा

बाबासाहेबांनी ज्या तिघांना गुरू मानले त्यांत बुद्ध आणि फुले यांच्याबरोबर कबीर आहेत, आणि कबीर हे काशीचे विणकर होते. पुरुषाने मागावर बसणे यात कमीपणा नाही, हे त्यांच्याकडून आपल्या पुरुष मंडळींनी शिकावे.

विनयपिटकात एक सुंदर प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण करणार काय, अशी शंका राजाला आली. त्याने विचारले तेव्हा आनंदांनी सांगितले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना ही वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, खोळींची बैठकीची आच्छादने, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि फडकी फाटली की ती चिखलात कालवून जमीन लिंपू. काहीही वाया जात नाही हे ऐकून राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आपली आई-आजी फाटक्या लुगड्याची गोधडी शिवत आली, ती याच शहाणपणाने.

वर्षावासानंतर कठीण चीवरदान होते, हे आपण जाणतोच. चीवर शिवताना कापड ज्या लाकडी चौकटीवर ताणून धरीत तिलाच पालीत 'कठिन' म्हणतात. बांगलादेशातील रांगामाटी येथे चाकमा बौद्ध भगिनी एकत्र जमून सूत कातणे, रंगविणे, विणणे आणि शिवणे ही सारी कामे 24 तासांच्या आत पुरी करून ते चीवर भिक्खुसंघाला अर्पण करतात. म्यानमारमध्येही पौर्णिमेच्या रात्री जागून चीवर विणण्याची प्रथा आहे. तिथे मागावर बसणे हा सन्मान समजला जातो.

घरी माग कसा करावा

सुरुवातीला मोठा हातमाग नको. साधी चौकट पुरे. सुमारे दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी लाकडी पट्ट्यांची चौकट घ्या. फोटोची जुनी मजबूत चौकटही चालेल. वरच्या आणि खालच्या पट्टीवर मधल्या बारा इंचांत अर्ध्या-अर्ध्या इंचावर खिळे ठोका. प्रत्येक बाजूला पंचवीस खिळे बसतील. खिळे अर्धे बाहेर राहू द्या.

आता ताणा. जाड सुती दोरा खालच्या पहिल्या खिळ्याला बांधून वर न्या, वरच्या खिळ्यावरून वळवून पुन्हा खाली, असे शेवटपर्यंत करा. सगळे दोरे सारख्याच ताणाचे हवेत. बोटाने छेडून पाहा, एखादा ढिला असेल तर लगेच घट्ट करा. ताणा चुकला तर पुढचे सारे चुकते.

बाण्यासाठी विकत काही आणू नका. जुन्या सुती साडीच्या इंचभर रुंदीच्या लांब पट्ट्या फाडा. दोन पट्ट्या जोडताना गाठ मारू नका, गाठ पायाला टोचते. दोन्हींच्या टोकांना छोटी चीर देऊन एकीत दुसरी ओवून घ्या. सुरुवातीची अर्धा इंच वीण साध्या दोऱ्याची घाला, म्हणजे कड उसवत नाही. मग पट्टी एका दोऱ्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून अशी ओवत न्या. परतीच्या ओळीत उलट करा: जिथे वरून गेलात तिथे खालून. प्रत्येक ओळ मोठ्या दातांच्या कंगव्याने खाली ठोकून घट्ट बसवा.

एक फूटपट्टी दोऱ्यांतून वर-खाली अशी ओवून ठेवली, तर एकाआड एक ओळीला ती उभी करताच त्या ओळीला लागणारे सगळे दोरे एकदम उचलले जातात आणि बराच वेळ वाचतो.

नवशिक्यांचे काम बहुधा मधोमध चिंचोळे होते, कारण बाणा ओढून घट्ट केला जातो. पट्टी सरळ न ओढता थोडी कमानीसारखी सैल ठेवा आणि मग ठोका. कडा सरळ राहतील. वरपर्यंत विणून हात पोचेनासा झाला की शेवटची अर्धा इंच वीण पुन्हा दोऱ्याची घाला, ताणा खिळ्यांवरून काढा आणि दोन-दोन दोऱ्यांच्या गाठी मारा. पायपुसणे तयार. सुती साडीचे पायपुसणे पाणी चांगले शोषते. नायलॉनच्या साड्या त्या कामाच्या नाहीत, त्यांची आसने किंवा पिशव्या करा.

लहान मुलांसाठी जाड पुठ्ठ्याच्या दोन कडांना खाचा पाडून छोटा माग करून द्या. उरलेल्या लोकरीने ती पुस्तकाची खूण विणतील. एक वर, एक खाली यातून मोजणीही पक्की होते.

हिशेब आणि सावधगिरी

चौकट, खिळे, दोरा एवढाच खर्च, आणि चौकट वर्षानुवर्षे चालते. पण रोज तासभर बसले तरी पहिल्या पायपुसण्याला आठवडाभर लागतो. वेळेची किंमत न धरणारा हिशेब खोटा असतो. म्हणून यातून मोठी कमाई होईल अशी आशा कोणी दाखवू नये. चार वस्तू विकल्या गेल्या तर चांगलेच, पण त्यात आपल्या तासांची मजुरी धरूनच भाव सांगा. "घरबसल्या विणकाम देतो, आधी अनामत भरा" असे सांगत कोणी वस्तीत आले, तर एक पैसाही देऊ नका. काम देणारा मजुरी देतो, मजुराकडून पैसे घेत नाही.

मग लाभ कोणता? दिवसभर दुसऱ्याच्या कारखान्यात, दुसऱ्याच्या घरात किंवा कचेरीत राबणाऱ्या हाताला स्वतःचे असे काही करण्याचा आनंद मिळतो. रंग कोणता, नक्षी कोणती, हे सांगणारा मुकादम इथे नसतो. कधी काळी आपल्या तोंडच्या धाग्याला विटाळ मानला गेला. आज तोच धागा आपल्या घरात, आपल्या मर्जीने चालणार आहे.

महिला मंडळांनी विहारात महिन्यातून एक रविवार यासाठी ठेवावा. ज्या आजींना, काकांना मागाची माहिती आहे त्यांना मानाने बोलवावे. सासू-सुना, बाप-लेकी एका चौकटीभोवती बसाव्यात. आणि पुढच्या वर्षावासाच्या समाप्तीला आपल्या विहारातील भिक्खूंसाठी निदान एक आसन तरी आपल्या हातचे असावे. हरकत घेणारे आमचे काका आता मुलींना ताणा सारखा कसा ठेवायचा हे दाखवतात. फक्त संध्याकाळी सातला म्हणतात, "चला पोरींनो, माग ठेवा, पुस्तके काढा."

जयभीम!