ऑनलाइनच्या दाराशेजारी दुसरे दार हवेच

मे 2021 मधली गोष्ट. लसीकरण केंद्राच्या फाटकाशी एक बाई उभी होती. वय पस्तीसच्या आसपास, चार घरची धुणीभांडी करणारी. एका घराचा खाडा करून आली होती. आधार कार्ड पिशवीत होते आणि आत त्या दिवशी लसही होती. तरी ती तशीच परत गेली. "ऑनलाइन नोंदणी केली का?" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते. तिचा फोन बटणाचा होता.

मी तेव्हा त्या केंद्रावर मदतीला होते. माझ्या मोबाईलवर तिचे नाव घालून पाहिले. नाव नोंदवले गेले, पण वेळ मिळेना. आमच्या पिनकोडचे स्लॉट उघडले की काही क्षणांत भरून जायचे. चांगला फोन, वेगवान नेट आणि मोकळा वेळ ज्याच्याकडे, त्याचा नंबर लागायचा. शहरातली माणसे गाडी करून खेड्यातल्या केंद्रावर लस घ्यायला जात होती आणि त्या गावचे लोक बाजूला उभे राहून पाहत होते.

लस कमी होती, हे खरे. पण कमी असलेली लस आधी कुणाला मिळायची, हे त्या दिवसांत मोबाईल ठरवत होता. ज्या बाईला रोज चार घरांत जावे लागते, तिला संसर्गाचा धोका जास्त. तीच रांगेच्या बाहेर.

चूक कुठे झाली?

लसीकरण 16 जानेवारी 2021 ला सुरू झाले. 45 वर्षांवरच्या लोकांना थेट केंद्रावर जाऊनही नोंदणी करता येत होती. 1 मेपासून 18 ते 44 वयोगटाची पाळी आली, तेव्हा मात्र कोविन पोर्टलवर नोंदणी आणि वेळ घेणे सक्तीचे झाले. पोर्टल सुरुवातीला इंग्रजीत होते. एका मोबाईल नंबरवर चारच माणसांची नोंद व्हायची. घरात सहा माणसे आणि फोन एक, असे असेल तर कुणाला वगळायचे?

मी वर्षानुवर्षे हाताने रजिस्टर भरले आहे. संगणकाची किंमत मला कळते. दुसऱ्या डोसची तारीख, प्रमाणपत्र, कोणत्या केंद्रात किती लस शिल्लक, हे सगळे कोविनमुळे सोपे झाले. संगणकाला माझा विरोध नाही. ते पोर्टल करताना डोळ्यांसमोर कोण होते, हा माझा प्रश्न आहे. स्वतःचा स्मार्टफोन असलेला, इंग्रजी वाचणारा, दुपारी मोकळा असलेला माणूस समोर धरला की बाकीचे आपोआप बाहेर पडतात.

आणि बाकीचे थोडे नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 100 बायकांपैकी 33 जणींनीच कधीतरी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण 57 होते. स्वतः वापरते असा मोबाईल 100 पैकी 54 बायकांकडे होता. म्हणजे ओटीपी येतो तो अनेक घरांत नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या फोनवर, आणि तो फोन दिवसभर त्याच्यासोबत कामावर असतो.

मग काय बदलले?

24 मे 2021 ला केंद्र सरकारने 18 ते 44 वयोगटालाही सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा दिली. महाराष्ट्रात तेव्हा तुटवड्यामुळे या वयोगटाचे लसीकरण थांबलेले होते, त्यामुळे आपल्याला तिचा उपयोग पुढे झाला. 31 मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला विचारले, की ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी लस कशी घ्यायची? जूनमध्ये कोविन हिंदी, मराठी आणि इतर भाषांत आले. ज्यांच्याकडे ओळखपत्रच नाही अशा भटक्या आणि बेघर लोकांसाठी वेगळी पद्धत ठरली. नोव्हेंबरमध्ये 'हर घर दस्तक' मोहिमेत कर्मचारी घरोघरी गेले. जानेवारी 2022 मध्ये एका नंबरवर सहा जणांची नोंद होऊ लागली.

यातली एकही सुधारणा अवघड नव्हती. फाटकाशी उभ्या असलेल्या बाईला पहिल्याच दिवशी विचारले असते, तर तिने हे सगळे सांगितले असते.

ब्रिटनच्या सरकारी डिजिटल विभागाने 2012 मध्ये आपल्या कामाची तत्त्वे लिहून काढली. त्यांतले पहिलेच तत्त्व असे, की सुरुवात वापरणाऱ्याच्या गरजेपासून करा, कार्यालयाच्या सोयीपासून नको. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांना मदत देणे हाही तिथे सेवेचाच भाग मानला जातो. आपल्याकडेही मोजमाप हेच हवे. किती जणांनी ॲप घेतले हे मोजू नका. दारात येऊन रिकाम्या हाताने किती परतले, ते मोजा.

आज आपल्यापुढे काय आहे?

आता सरकारी दवाखान्यांत आभा नंबर मागितला जातो. काही ठिकाणी क्यूआर कोड स्कॅन केला की केस पेपरचा टोकन नंबर मोबाईलवर येतो. सोय चांगली आहे. पण त्यासाठी केस पेपरची जुनी खिडकी बंद झाली, तर मे 2021 पुन्हा येईल. म्हणून एवढे लक्षात ठेवा.

1. आभा नंबर 14 आकडी असतो. तो काढणे ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून तपासणी अडत असेल, तर तिथेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा.

2. आभा आणि आयुष्मान कार्ड एक नाही. आभा हा तुमच्या आरोग्याच्या नोंदी जोडणारा नंबर आहे. आयुष्मान कार्ड हे कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांच्या योजनेचे आहे. आभा काढला म्हणजे विमा मिळाला, असे समजू नका.

3. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का, ते आजच पाहा. बंद असेल तर आजारपण येण्याआधी आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या.

4. नोंदणी स्वतः समोर बसून करा. ओटीपी अनोळखी माणसाला फोनवर सांगू नका. मिळालेला नंबर कागदावर लिहून केस पेपरच्या पिशवीत ठेवा.

5. अडवणूक झाली तर तारीख, वेळ, कोणत्या खिडकीवर काय सांगितले, हे लिहून ठेवा. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. रुग्ण कल्याण समिती असेल तिथे तिलाही प्रत द्या. एकटीचा अर्ज मागे पडतो, वस्तीतल्या दहा जणींचा एकत्र अर्ज पुढे सरकतो.

अर्जात मागणी साधी ठेवा : मराठीत फलक, फोन नसलेल्यांसाठी वेगळी खिडकी, नोंदणीला मदत करणारा माणूस, आणि नवी पद्धत सुरू करण्याआधी वस्तीत येऊन आम्हाला विचारा.

ती बाई पुढे जुलैत लस घेऊन गेली. जागेवर नाव लिहिले, दहा मिनिटे लागली. मधले दोन महिने ती त्याच चार घरांत, लस न घेता, भांडी घासत होती.