जिवाणूंची वीज आणि कोळशाची बैठक



गटवार सभांना हिंडताना अलीकडे एक प्रश्न वरचेवर कानी येतो. "साहेब, घाण पाण्यातले जंतू वीज तयार करतात म्हणे. मग आपल्या डिस्टिलरीचे पाणी वाया का घालवायचे?" प्रश्न रास्त आहे. कारखाना सभासदांचा, आणि ओढ्याकाठच्या विहिरीही सभासदांच्याच. तेव्हा या कामात शास्त्रज्ञ कुठवर पोचले आहेत आणि आपण त्यातून काय अपेक्षा धरावी, हे जरा सविस्तर लिहितो.

विषय आजचा नव्हे. इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. सी. पॉटर यांनी १९११ साली साखरेच्या पाण्यात यीस्ट सोडून, प्लॅटिनमचे विद्युतअग्र बुडवून वीज मोजून दाखविली होती. यीस्ट म्हणजे आपण डिस्टिलरीत मळी आंबवायला वापरतो तेच. दाब मिळाला तो फार तर अर्धा व्होल्ट. पुढे १९३१ मध्ये अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी असे अनेक घट जोडून ३५ व्होल्टपर्यंत मजल मारली, पण प्रवाह अवघा २ मिलिअँपिअर! पाइपात दाब भरपूर आणि नळाला धार केसाएवढी, असा तो प्रकार.

जंतू वीज करतात म्हणजे नेमके काय करतात? साखर खाल्ली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. ते कुठेतरी सोपवल्याशिवाय कोणत्याही जिवाचे चालत नाही. आपण श्वासातल्या प्राणवायूला सोपवतो. चिखलाच्या तळाशी प्राणवायू नसतो, तिथले काही जिवाणू ते लोहाच्या खनिजाला देतात. अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळात डेरेक लव्हली यांना १९८७ साली असा एक जिवाणू सापडला. त्याच्या कुळाला जिओबॅक्टर म्हणतात. लोहाच्या जागी कोळशाचे विद्युतअग्र ठेवले, तर हे जिवाणू त्यावर थर धरून बसतात आणि इलेक्ट्रॉन कोळशाला देतात. तिथून तारेने ते दुसऱ्या अग्राकडे जातात आणि हवेतल्या प्राणवायूला मिळून पाणी होते. मधल्या तारेत दिवा जोडला की झाली वीज. पाण्यातली घाण खाल्ली गेली, तो लाभ वेगळाच.

जिवाणू तर फुकट मिळतात. कोणत्याही गटारात आहेत. खरे अडते ते त्यांच्या बैठकीपाशी. लोखंड गंजते, प्लॅटिनम परवडत नाही. तांब्याबद्दल बरीच वर्षे समज असा होता की ते जिवाणूंना मारील. मोरचूद फवारणाऱ्याला हे पटकन पटेल. पण जर्मनीतील एका गटाने २०१५ मध्ये तांब्यावरही जिओबॅक्टरचा थर नीट वाढतो असे दाखवून दिले. असो. कोळसा मात्र सगळ्यांना सोयीचा: वीज वाहतो, सडत नाही, हव्या त्या आकारात मिळतो.

पण कोळसा कोणता? इथेच पदार्थविज्ञानाच्या माणसांचे काम सुरू होते. शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण मातीचा हिशेब तोच आहे. चोपण जमीन खणून पहा. माती भरपूर, पण मुळाला शिरायला वाट नाही. काही कोळशांचे तसेच असते. आतली सूक्ष्म छिद्रे मोजली तर पृष्ठभाग प्रचंड भरतो, पण छिद्र इतके बारीक की एक-दोन मायक्रॉनचा जिवाणू (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत जाणारच नाही. कागदावर क्षेत्र मोठे, लागवडीखाली थोडेच!

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले पदार्थवैज्ञानिक यी त्सुई आणि पर्यावरण अभियंते क्रेग क्रिडल यांच्या गटाने २०११ मध्ये यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. त्यांनी साधे पॉलिस्टरचे कापड घेतले आणि कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या शाईत बुडवून वाळवले, रंगारी लुगडे रंगवतो तसे. धाग्याधाग्यावर कोळशाची पातळ साय बसली, म्हणजे वीज वाहण्याची सोय झाली. धाग्यांमधली मोठी भोके मोकळीच राहिली, म्हणजे जिवाणूंना आतपर्यंत वस्ती करता आली. नेहमीच्या कार्बन कापडापेक्षा कमाल शक्ती ६८ टक्के जास्त मिळाली. भुसभुशीत जमिनीत मुळे खोल जातात, दुसरे काही नाही.

त्याआधी २००७ साली पेनसिल्व्हेनियाच्या ब्रूस लोगन यांनी कार्बनच्या तंतूंचा, बाटली धुण्याच्या ब्रशासारखा ब्रश केला होता. तोही मला फार आवडला. आकार साधा, आणि पाणी मधून खेळते राहते.

सूक्ष्म नळ्या महाग. म्हणून जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे उवे श्रोडर यांच्या गटाने २०१२ मध्ये वेगळा रस्ता धरला. (हा बीटाच्या साखरेचा मुलूख, म्हणजे आपले भाऊबंदच!) त्यांनी एका झाडाच्या काड्या हवा लागू न देता भट्टीत तापवून त्यांचा कोळसा केला. काडीतल्या उभ्या नळ्या जशाच्या तशा राहिल्या आणि जिवाणूंना तयार घरे मिळाली. ते झाड कोणते म्हणाल, तर आपली अंबाडी! जिची भाजी आपण खातो आणि जिच्या वाखाचे दोर वळतो तीच. पोमेलो नावाच्या मोठ्या लिंबूवर्गीय फळाची साल आणि पुठ्ठादेखील त्यांनी असाच वापरला.

यावर कोणी म्हणेल, मग बगॅस का नको? बगॅसपासून चांगला सक्रिय कोळसा होतो हे खरे. पण आज बगॅस बॉयलरला लागतो, आणि सहवीज असेल तिथे त्याच्या टनाटनाला मोल आहे. शेतातले पाचट कुजवून जमिनीलाच द्यावे, हे तर मी दर हंगामात सांगतो.

आता व्यवहाराचे बोलू. प्रयोगशाळेत, चांगले खाद्य देऊन, एक चौरस मीटर अग्रामागे एक-दोन वॅट मिळतात. एक वॅट धरा. पाच हॉर्सपॉवरची मोटार म्हणजे सुमारे ३,७०० वॅट. म्हणजे एका विहिरीवरची मोटार चालवायला ३७ गुंठे कार्बनचे अग्र पसरावे लागेल. तेही प्रयोगशाळेतला उतारा प्रत्यक्षात टिकला तर, आणि तो टिकत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधील याताला येथे बिअरच्या कारखान्यात २००७ साली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तीन मीटर उंचीच्या १२ नळ्यांचा, सुमारे हजार लिटरचा संच उभा केला होता. त्यात कार्बन तंतूंचे ब्रशच होते. सांडपाण्यातून वीज नीट वाहीना, आणि हवेकडच्या अग्रावर नको ती वाढ माजली. भांडे मोठे केले की वीज त्या मानाने वाढत नाही, हेच या विद्येचे दुखणे आहे.

आपल्या देशातही काम झाले आहे. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने २०१० मध्ये डिस्टिलरीचेच सांडपाणी अशा घटात घालून विजेबरोबर त्याचा रंगही उतरतो असे दाखविले. खरगपूरच्या आयआयटीत महागड्या पडद्याऐवजी मातीचे मडके वापरून भातगिरणीचे पाणी शुद्ध केले, आणि मडके पडद्यापेक्षा सरस ठरले. कुंभाराच्या मडक्याने परदेशी पडद्याला हरवले, हे वाचून बरे वाटले.

माझे मत विचाराल तर या घटाकडे वीजघर म्हणून पाहू नये. पाणी साफ करणारे यंत्र म्हणून पाहावे. स्पेंटवॉशचा सी.ओ.डी. लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो. त्याला आधी बायोगॅसच हवा. तो गॅस बॉयलरला जळतो आणि त्याचा हिशेब आज पैशात मांडता येतो. त्यानंतर उरलेल्या पातळ पाण्यात हवा घालण्यासाठी सांडपाणी केंद्रावर एरेटर दिवसरात्र फिरतात आणि वीज खातात. या घटाला तशी हवा घालावी लागत नाही. उद्या स्वस्त कोळशाचे अग्र आले, तर पहिली बचत तिथे होईल.

तोपर्यंत कोणी छापील पत्रके घेऊन, "सांडपाण्यातून वीज, आजच भाग घ्या" असे सांगत गावात आलाच, तर त्याला चहा जरूर पाजा. मग दोनच गोष्टी विचारा: अग्र किती चौरस मीटर आहे, आणि खऱ्या कारखान्याच्या पाण्यात ते किती महिने चालले?

— ऊस विकास अधिकारी