सीईटीची तयारी घरानेही करायची असते

बारावी विज्ञानाला मूल असलेल्या घरात जानेवारीपासून एकच विषय असतो, सीईटी. कोणता क्लास चांगला, मॉक टेस्टला किती पडले, अमुक कॉलेज गेल्या वर्षी कितीला बंद झालं, हे सगळं घरातल्यांना तोंडपाठ असतं. पण परीक्षा चालते कशी, निकालातला आकडा येतो कुठून आणि निकाल लागल्यावर करायचं काय, हे मात्र अनेकांना ऐनवेळी कळतं. चांगले गुण मिळवूनही मुलं मागे पडतात ती याच जागी. तेव्हा सुरुवातीपासून एकेक टप्पा बघू.

एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाची राज्यव्यापी प्रवेश परीक्षा आहे. अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि कृषी या पदव्यांचे प्रवेश तिच्यावरून होतात. तिचे दोन गट आहेत. पीसीएम म्हणजे भौतिक, रसायन, गणित; पीसीबी म्हणजे भौतिक, रसायन, जीवशास्त्र. अभियांत्रिकीला पीसीएम लागतो, फार्मसीला कोणताही एक चालतो. एमबीबीएस, बीडीएस किंवा आयुर्वेदाचा प्रवेश मात्र नीट या देशपातळीवरच्या परीक्षेतूनच होतो. पीसीबीची सीईटी दिली की डॉक्टरकीचा मार्ग मोकळा, असा समज अजूनही भेटतो. तो आधी मनातून काढून टाका.

आता पेपर. प्रत्येक गटाचा पेपर २०० गुणांचा आणि तीन तासांचा असतो. पहिल्या ९० मिनिटांत भौतिक आणि रसायन यांचे प्रत्येकी ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. पुढच्या ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. जीवशास्त्र असेल तर १०० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. म्हणजे पीसीएमवाल्यांचे निम्मे गुण एकट्या गणिताचे.

वेळेचा हिशेब मुलासोबत बसून कागदावर मांडा. पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात, गणिताला १०८. पहिल्या भागाची वेळ संपली की तो बंद होतो आणि पुन्हा त्यात जाता येत नाही. भौतिकचं एखादं उदाहरण चार मिनिटं धरून बसलेला विद्यार्थी रसायनातले सोपे चार प्रश्न न वाचताच पुढे जातो. त्यामुळे रसायन आधी उरकून मग भौतिककडे वळायची सवय पुष्कळांना मानवते. ज्याची गती वेगळी, त्याने सरावातून आपला क्रम ठरवावा, पण ठरवलेला असावा.

चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटची दोन-तीन मिनिटं राहिलेल्या प्रश्नांना पर्याय निवडण्यासाठी राखून ठेवा. जेईई किंवा नीटची तयारी करणाऱ्या मुलांच्या अंगात ‘शंका असेल तर सोडून दे’ हे भिनलेलं असतं, कारण तिथे गुण कापतात. सीईटीच्या आधी ही सवय मुद्दाम मोडावी लागते.

अभ्यासक्रम राज्य मंडळाचा. साधारण ८० टक्के भर बारावीवर आणि २० टक्के अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर असतो. काठिण्य मात्र गणित, भौतिक, रसायनासाठी जेईई मेनच्या आणि जीवशास्त्रासाठी नीटच्या तोडीचं. अकरावीची पुस्तकं रद्दीत घालण्याची घाई म्हणूनच नको. माहितीपुस्तिकेत अकरावीची जी प्रकरणं दिलेली असतात, त्यांची यादी अभ्यासाच्या टेबलासमोर लावून ठेवा.

भाषेचंही लक्षात असू द्या. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतून मागता येतात, गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांनी गणिताच्या संज्ञा इंग्रजीतून आधीच पक्क्या कराव्यात.

२०१९ पासून ही परीक्षा संगणकावर होते. घरी संगणक नसलेली मुलं सगळा सराव मोबाइलवर करतात आणि परीक्षेत पहिल्यांदा माउस हातात धरतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा ओळखीच्या घरी निदान काही पूर्ण सराव चाचण्या संगणकावर, घड्याळ लावून द्यायला लावा. आकडेमोड बाजूच्या कागदावर, उत्तर पडद्यावर, ही नजरेची ये-जा सरावानेच जमते.

अर्ज भरताना सगळ्यात जास्त चुका होतात. अर्ज ऑनलाइन असतो आणि अनेक घरांत तो नेट कॅफेतून भरला जातो. तिथे वेळ वाचवायला कॅफेवाल्याचाच मोबाइल नंबर आणि ईमेल टाकला, तर पुढे प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो. पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. निकालाच्या दिवशी कॅफे बंद असला की घर हवालदिल. नंबर आणि ईमेल आपलाच द्या, पासवर्ड घरच्या डायरीत लिहून ठेवा.

नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच लिहा. आधारवर स्पेलिंग वेगळं असेल तर ते अर्जाआधीच दुरुस्त करून घ्या. जातीचा प्रवर्ग भरताना घाईत ‘खुला’ निवडला गेला तर पुढे निस्तरत बसावं लागतं. शुल्क भरण्याआधी सगळा अर्ज पालकांनी एकदा मोठ्याने वाचावा आणि मुलाने गुणपत्रिका समोर धरून तपासावा.

आरक्षणाचे दाखले ही खरी घरच्यांची जबाबदारी. जातीचं प्रमाणपत्र वेगळं आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळं. पहिलं उपविभागीय अधिकारी देतात. ते खरं असल्याची खात्री जात पडताळणी समिती करते, तेव्हा दुसरं मिळतं. त्यासाठी वडिलांच्या बाजूचे जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीची नोंद पाहिली जाते. आजोबांच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा काढायचा, नोंद मोडीत असेल तर ती वाचून घ्यायची, आडनावातला फरक प्रतिज्ञापत्राने समजावायचा, हे चार दिवसांत होणारं काम नाही. कॉलेजमार्फत करायचा हा अर्ज अकरावीतच करा. वडील, काका किंवा सख्ख्या भावंडाकडे वैधता असेल तर तिची प्रत जोडा, काम पुष्कळ सोपं होतं.

इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी यांना नॉन-क्रीमीलेअर दाखलाही लागतो. कुटुंब उत्पन्नाच्या वरच्या गटात मोडत नाही, एवढंच तो सांगतो. प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत तो वैध असावा लागतो. जुना दाखला असेल तर त्यावरची तारीख आजच बघा.

परीक्षेच्या दिवसाबद्दल थोडक्यात. केंद्र आपल्याच गावात येईल असं नाही. लांब असेल तर आदल्या दिवशी पोचा. प्रवेशपत्राची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र सोबत हवं. दार बंद होण्याची वेळ प्रवेशपत्रावर दिलेली असते, ती पेपर सुरू होण्याच्या बरीच आधीची असते.

परीक्षा झाल्यावर मुलाचे पर्याय आणि उत्तरसूची पाहायला मिळते. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर शुल्क भरून हरकत घेता येते. शिक्षकांना दाखवूनच हरकत घ्या.

मग येतो निकाल आणि त्यासोबत सगळ्यात मोठा गोंधळ. निकालात पर्सेंटाइल असतं. ते टक्के नव्हेत. परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत चालते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एखादी अवघड निघते, एखादी सोपी. म्हणून आपल्या मुलाची तुलना त्याच्याच सत्रातल्या मुलांशी केली जाते. समजा त्या सत्रात १५,००० मुलं बसली आणि त्यांतल्या १४,२५० जणांना आपल्या मुलाइतके किंवा त्याहून कमी गुण पडले. १४,२५० भागिले १५,०००, गुणिले १००, म्हणजे ९५ पर्सेंटाइल. त्याचे प्रत्यक्ष गुण २०० पैकी ११० असोत की १३०.

त्यामुळे शेजारच्या मुलीला १४० पडले आणि आपल्याला १३०, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. सत्र वेगळं असेल तर १३० वालाही पुढे असू शकतो. विषयवार पर्सेंटाइलची सरासरी काढून एकूण पर्सेंटाइल जुळवायला जाऊ नका, ते जुळणार नाही. एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून स्वतंत्र काढलेलं असतं. आकडा दशांश चिन्हापुढे सात स्थळांपर्यंत देतात, कारण लाखो मुलांची क्रमवारी लावायची असते. आणि ८५ पर्सेंटाइल आलेल्या मुलाला ‘पंधरा टक्के कुठे गेले’ असं विचारणं हा त्याच्यावर उघड अन्याय आहे. तो शंभरातल्या पंचाऐंशी जणांच्या बरोबरीने किंवा पुढे आहे.

बारावीचा निकाल यात बुडत नाही. अभियांत्रिकीसाठी बारावीच्या ठरावीक विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. सीईटी उत्तम आणि बोर्डात घसरण, अशा मुलाला प्रवेश मिळत नाही.

शेवटचा टप्पा कॅप, म्हणजे शासनाची एकत्रित प्रवेश प्रक्रिया. सीईटीचा अर्ज भरला म्हणजे कॅपची नोंदणी झाली असं होत नाही. ती वेगळी करावी लागते, तिचं शुल्क वेगळं, कागदपत्रांची तपासणी वेगळी. त्यानंतर कॉलेज आणि शाखांचे पर्याय पसंतीच्या क्रमाने भरायचे. इथे गेल्या वर्षीचे कटऑफ पाहून क्रम लावू नका. जे सर्वांत हवं ते पहिलं लिहा. वरचे पर्याय भरल्याने खालची जागा हुकत नाही. मात्र पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, म्हणून जिथे शिकायचं नाही ते कॉलेज उगाच वर लिहू नका. फेऱ्यांचे नियम आणि तारखा दरवर्षी बदलतात. त्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरूनच घ्या, व्हॉट्सअॅपवर आलेल्या तक्त्यावरून नको.

आपलं मूल यंदा अकरावीत असेल तर अजून भरपूर वेळ आहे. या आठवड्यात एक फाइल करा, त्यात दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि जातीची कागदपत्रं लावा. जो कागद नसेल त्यासाठी येत्या सोमवारीच संबंधित कार्यालयात अर्ज द्या.