अर्धशिशीत रक्तवाहिन्यांचं काम काय?

तेरणेकाठच्या माकणीत मे महिन्याच्या उन्हात धसकटं वेचून आलेली एखादी बाई घरात शिरताच कपाळाला फडकं करकचून आवळते आणि अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहते. उजेड नको, लेकरांचा गलका नको, पोटात मळमळ. अर्धशिशी उठली की पहिला उपाय हाच. फडक्यानं कानशिलाची धमनी दाबली जाते आणि कित्येकींना थोडा उतार पडतो.

वैज्ञानिकांनीही सुरुवात याच धमनीपासून केली. अमेरिकेत ग्रॅहम आणि वुल्फ यांनी १९३८ साली दाखवलं, की अर्गोटामाइन टोचलं की तिची धडधड ओसरते आणि दुखणंही. त्यावरून समज रूढ झाला: वाहिन्या आकसल्या की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, मग त्या फुगल्या की डोकं ठणकतं.

ते पुरतं खरं नव्हतं. ठणका चालू असताना नाडी धरून पाहा, दोन्हींचा ताल सहसा जुळत नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ साली अर्धशिशीचा झटका चालू असलेल्याच रुग्णांच्या धमन्या एमआरआयवर मोजल्या. कवटीबाहेरच्या फुगलेल्या नव्हत्या. आतल्या किंचित फुगल्या होत्या.

मूळ मेंदूच्या पेशींत आहे. १९४४ साली लेआओ यांना सशाच्या मेंदूवर एक विद्युत् लाट सरकताना दिसली, मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर. डोळ्यांपुढची काजव्यांची नागमोडी रेघ याच गतीनं पसरते. लाटेमागून त्या भागातला रक्तपुरवठा आधी वाढतो, मग बराच वेळ घटतो. ठणका येतो तो असा: मेंदूच्या आवरणातल्या वाहिन्यांना चेहऱ्याच्या संवेदी चेतेचे तंतू वेढून असतात. ते सीजीआरपी नावाचं रसायन सोडतात. वाहिनी रुंदावते आणि वेदनेचा मार्ग हळवा होतो. झटक्यात हे रसायन मानेतून परतणाऱ्या रक्तात वाढतं, हे गोड्सबी आणि एडविन्सन यांनी १९९० साली दाखवलं. ते अडवणारी औषधं २०१८ पासून मिळू लागली.

रक्तवाहिनीला यातून वगळता मात्र येत नाही. काजवे चमकणाऱ्या अर्धशिशीत रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या पक्षाघाताची शक्यता सुमारे दुप्पट असते. तरुणपणी मुळात ती फार थोडी, पण धूम्रपान आणि इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या ती वाढवतात. सरकारी ‘माला-एन’मध्ये इस्ट्रोजेन असतं, ‘छाया’मध्ये नाही. डोळ्यांपुढे रेघा दिसत असतील तर पाळणा लांबवायची गोळी घेण्याआधी आशाताईंना आणि डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. गावोगाव ही गोष्ट बोलली जात नाही, याची मला खरी काळजी वाटते.

उपाशीपोट, अपुरी झोप, ऊन, पाणी कमी पडणं यानंही झटका उठतो. नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरणाऱ्या बायांनी निदान पाणी तरी सोडू नये. महिन्यात दहा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर त्यांनीच डोकेदुखी जडते.

अर्धशिशीच्या रेघा मिनिटामिनिटानं पसरतात आणि तासाभरात विरतात. तोंड एकाएकी वाकडं झालं, हातातलं बळ गेलं, जीभ अडखळली, तर तो पक्षाघात असू शकतो; फडकं बांधून वाट पाहायची नाही. तडक गाडी काढून मोठ्या दवाखान्यात न्यायचं.